जावक रजिस्टरातला मोकळा नंबर

बोरसे सर गेल्याचा फोन आमच्या शाखेत सकाळी अकराच्या सुमारास आला. मी रजेच्या अर्जांवर आवकचे शिक्के मारत बसलो होतो. फोन हेडक्लार्क देसाईभाईंनी घेतला, दोनदा "हा, हा" म्हणाले, ठेवला आणि चष्मा पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, "रमेशभाई, तमारा बोरसे साहेब गया. सवारे. हार्ट." मग चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी समोरची फाइल ओढली. आमच्या विद्यापीठात कुणी गेलं की दोन ओळींचं परिपत्रक निघतं, शोकठराव म्हणतात त्याला, आणि त्या दिवशी कचेऱ्या अर्धा तास आधी बंद होतात. ते टाइप करायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मी सवयीने मशीनला कागद लावला. "हंगामीनो शोकठराव न थाय, भाई," देसाईभाई म्हणाले, "ने ए तो त्रण वरसथी आपणे त्यां हता ज नहीं." सर तीन वर्षांपूर्वीच सुटले होते, आणि देसाईभाई वाईट मनाने म्हणाले नाहीत. नियम तसाच आहे, आणि दर वेळी तो पुस्तकातून काढून त्यांना दाखवणारा मीच. मी कागद मशीनमधून काढला. कोराच होता, म्हणून परत गठ्ठ्यात ठेवला. त्या दिवशी विद्यापीठ नेहमीच्या वेळेला सुटलं.

त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात मी फार रडलो वगैरे नाही, थकलो मात्र आहे. बस धरायची, सही करायची, शिक्के मारायचे, सगळं चालूच आहे, पण हात जड झालेत. मित्राबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो आणि लक्षात आलं की चांगले शब्द लिहायचे तर आधी माझ्याबद्दलचे वाईट शब्द लिहावे लागतील. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं… तेव्हा लिहितो.

सर आमच्या भूगोल विभागात सात वर्षं शिकवत होते आणि सातही वर्षं हंगामी होते. मूळचे पारोळ्याकडचे. वडील लूमवर कामाला म्हणून सुरतेला आले आणि लिंबायतमध्ये पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसांचा संसार थाटून राहिले. सर सातवीपर्यंत म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकले, पुढचं सगळं गुजरातीत. वर्गात ते गुजरातीच बोलायचे, पण हेल अस्सल खानदेशी. पोरं त्यांची नक्कल करायची आणि त्यांच्याच तासाला गर्दीही करायची. मी नव्वद साली महेकम शाखेत लागलो. महेकम म्हणजे आपल्याकडची आस्थापना शाखा, माणसांच्या नेमणुका आणि बदल्या बघणारी. लागल्यावर पंधरा दिवसांत असेल, मी फोनवर शिरपूरला आईशी बोलत होतो, तेव्हा काउंटरच्या पलीकडून आवाज आला, "कोन गावना शेस रे भाऊ?" उंच, सडपातळ, बगलेत नकाशांची गुंडाळी. ते दिवस माझे फार एकट्याचे होते. कचेरीत गुजराती, रस्त्यात हिंदी, आणि घरी बोलायला अजून घरच नव्हतं, बायको-मूल शिरपूरलाच होतं. त्या दिवसापासून दुपारचा चहा आम्ही कॅन्टीनमध्ये एकत्र घेऊ लागलो. वयाने ते सहा वर्षांनी मोठे. मला ते अरेतुरे करायचे, मी शेवटपर्यंत सर म्हणालो.

विद्यापीठात माणूस आमच्या कागदावरून येतो आणि आमच्याच कागदावरून जातो. हंगामी शिक्षकाची नेमणूक सहा महिन्यांच्या आतली असायची. ते भरत आले की तीन दिवस नोकरी तोडायची आणि चौथ्या दिवशी नवी ऑर्डर द्यायची. याला सगळे ब्रेक म्हणत. सलग वर्ष भरलं तर माणूस कोर्टात जाऊन मला कायम करा म्हणू शकतो, ते होऊ नये म्हणून हा तीन दिवसांचा बंदोबस्त. त्या तीन दिवसांत त्याने वर्गात पाऊल टाकायचं नाही आणि मस्टरवर सही करायची नाही. वर्षातून दोनदा, कॅम्पसवरच्या सगळ्या हंगामी लोकांच्या ब्रेकच्या ऑर्डरी मी टाइप करायचो. म्हणजे ज्याच्याबरोबर रोज चहा प्यायचा, वर्षातून दोनदा त्याची नोकरी मीच तोडायची, असा तो मामला होता.

सरांनी त्यावर एक तोड काढली होती. ऑर्डरीत वर्गात जायला मनाई आहे, मैदानात नाही, असं ते म्हणायचे. ब्रेकच्या तीनही दिवशी ते सायकलवर यायचे, विभागाचं सर्वेक्षणाचं टेबल आणि मोजणीची साखळी विद्यार्थ्यांकडून बाहेर मागवायचे आणि वसतिगृहामागच्या मोकळ्या जागेत प्रात्यक्षिक घ्यायचे. तेव्हा कॅम्पसच्या कुंपणापलीकडे उसाची शेतंच होती. पोरं साखळी ओढत पळायची, मुली निशाण धरून उभ्या राहायच्या, आणि सर डोक्याला रुमाल बांधून टेबलावरच्या कागदावर रेषा काढायचे. प्रत्येक ब्रेकला थोडा थोडा असा सगळ्या कॅम्पसचा नकाशा त्यांनी केला. ज्या विद्यापीठाने त्या दिवशी त्यांना नोकरीवरून काढलेलं असे, त्याचीच मोजणी चाललेली असे. विभागप्रमुख खिडकीतून बघायचे आणि बघितलं नाही असं करायचे. शेवटच्या वर्षाची मुलं तारीख विचारायला माझ्याकडे यायची, "साहेब, बोरसे सरनो ब्रेक क्यारे छे?" त्यांना ती सहलच वाटायची. सरांना काय वाटायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

आता ती चूक. ऑर्डरी शिपाई घेऊन जायचा आणि पोचल्याची सही त्याच्या वहीत घ्यायचा. माझ्या पहिल्याच खेपेला शिपायाने सरांची ऑर्डर भर वर्गात, तास चालू असताना दिली. सर खडू खाली ठेवून सही करतात, पाकीट खिशात घालतात आणि एक पोरगी काय आलं म्हणून विचारते, "सर, हुं आव्युं?" सर म्हणाले, "कागळ छे," आणि नदीच्या वळणाविषयी पुढे शिकवू लागले. हे मला शिपायानेच हसत सांगितलं. मला ते लागलं. तेव्हापासून सरांचं पाकीट मी शिपायाकडे देणं बंद केलं. ते माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं, दुपारी चहाच्या वेळी स्वतः नेऊन द्यायचं, सही घ्यायची आणि परत आल्यावर मग जावक रजिस्टरात त्याचा नंबर टाकायचा, असा माझा शिरस्ता झाला. नियमाला सोडून होता, पण माणुसकीला धरून होता असं मला वाटायचं. मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल करतो.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत ऑर्डरी तयार झाल्या त्याच दिवशी शिरपूरहून आईच्या आजारपणाचा निरोप आला. बाकीच्या ऑर्डरी शिपाई घेऊन गेला. मी बसस्टँडकडे पळालो. बारा दिवसांनी परत आलो, पेन काढायला ड्रॉवर उघडला आणि सरांचं पाकीट तिथेच होतं. ब्रेकचे तीन दिवस होऊन गेले होते. सरांनी ते तीनही दिवस वर्गात शिकवलं होतं, मस्टरवर सह्या केल्या होत्या. त्यांची नोकरी तुटलीच नव्हती. पुढचा ब्रेक थेट ऑगस्टात होता, तोवर ऑगस्ट ते ऑगस्ट सलग वर्ष त्यांच्या नावावर लागलं असतं. दुसऱ्या एका ठिकाणचा एक शिक्षक अशाच राहून गेलेल्या ब्रेकवर कोर्टात जाऊन कायम झाला होता, ही गोष्ट तेव्हा सगळ्या हंगामी लोकांना पाठ होती.

मी पाकीट घेऊन देसाईभाईंकडे गेलो. त्यांनी तारीख बघितली आणि दार लावून घेतलं. "आ केम रही गयुं, भाई?" मी सांगितलं. माझी स्वतःची नोकरी अजून पक्की व्हायची होती, जूनमध्ये माझा अहवाल जाणार होता, धाकटा मुलगा सहा महिन्यांचा होता. मग देसाईभाईंनी जावक रजिस्टर उघडलं. आमच्याकडे एक जुनी पद्धत होती, बहुतेक कचेऱ्यांत असावी. दिवस संपताना त्या तारखेखाली दोन-तीन नंबर मोकळे सोडायचे. उद्या एखादा कागद कालच्या तारखेने काढायची वेळ आली तर जागा असावी म्हणून. त्या तारखेखाली दोन नंबर मोकळे होते. "नंबर तो छे," ते म्हणाले, "पण मस्टर?" हंगामींचं मस्टर वेगळं असे, विभागवार पानं. भूगोलात हंगामी एकटे सर. म्हणजे त्या महिन्याच्या पानावर फक्त त्यांच्याच सह्या. पान बदलता येत होतं, पण नव्या पानावर सगळ्या सह्या त्यांनाच कराव्या लागणार होत्या, तीन दिवस मोकळे सोडून. देसाईभाई म्हणाले, "ए सही करे तो तुं बच्यो. ना करे तो मारे उपर लखवुं पडे." वर कळवावं लागेल, यात धमकी नव्हती. त्यांचाही नाइलाज होता.

दुपारी कॅन्टीनमध्ये मी सरांपुढे कोरं पान, जुनं पान आणि पाकीट ठेवलं. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. सरांनी पाकिटावरची तारीख वाचली, मग जुनं पान, मग माझं तोंड. त्यांना सगळं कळलं हे मला दिसलं. ब्रेक आला नाही हे त्यांना त्याच दिवशी कळलं असणार, आणि तेही तेव्हापासून श्वास रोखून बसले असणार. मी म्हणालो, "सर, नाही म्हणा. मी तुम्हाला दोष देणार नाही." खोटं होतं ते. मनातून मी गयावया करत होतो. सर म्हणाले, "पहिले चहा पी." चहा झाला. मग म्हणाले, "पेन शे का तुनाजोडे?"

त्यांनी त्या पानावर महिनाभराच्या सह्या केल्या. सावकाश, एकेका रकान्यात. दहाएक झाल्यावर थांबले आणि माझ्याकडे दुसरं पेन मागितलं. "रोजनी सही सारखी ऱ्हास का रे? माणूस रोज येगळा ऱ्हास." मग शेजारच्या टेबलावरच्या मुलाकडून तिसरं पेन घेतलं. ते तीन रकाने त्यांनी न थांबता ओलांडले. शेवटी ऑर्डरीवर पोचल्याची सही केली, मागच्या तारखेची. मी म्हणालो, "सर, जागा निघाली की मी…" त्यांनी हात वर केला. "तुले पोरे शेतस," एवढंच म्हणाले आणि तासाला गेले. मी मोकळ्या नंबरपैकी एक भरला. संध्याकाळी बसमध्ये मला इतकं हलकं वाटलं की त्याची आजही लाज वाटते.

पुढे मी कायम झालो. सर ब्रेक घेत राहिले, मी ऑर्डरी टाइप करत राहिलो. त्या गोष्टीचा त्यांनी पुन्हा उच्चार केला नाही, आणि त्यांनी केला नाही म्हणून मीही केला नाही. आपल्या भल्याचं मौन पाळायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत. शहाण्णव साली एकदाची कायम जागा निघाली, मुलाखती झाल्या, आणि त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असा एक हुशार मुलगा निवडला गेला. तो मुलगा सरांचाच विद्यार्थी होता. सरांनी त्याला कॅम्पसचा नकाशा देऊन टाकला. मग हंगामी नेमणूकही संपली आणि ते सकाळी कडोदऱ्याच्या एका शाळेत आणि दुपारी उधन्याच्या क्लासमध्ये शिकवू लागले. आमची शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतर बसस्टॉपवर झाली. केस पांढरे झाले होते, दम लागत होता. मला म्हणाले, "आते ब्रेकन्या ऑर्डरी कोन काढस रे?" मी म्हणालो, "मीच, सर." ते हसले. "बरं शे. हात बठेल शे तुना." तेवढ्यात कडोदऱ्याची बस आली आणि ते चढले.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी सरांच्या पत्नीने, कुसुमवहिनींनी, मला घरी बोलावलं. हंगामी शिक्षकांनी मिळून दावा लावला आहे, त्यात गेलेल्यांच्या घरच्यांनाही घेतलं आहे. वकिलांनी वहिनींना सांगितलं होतं की कुठेतरी सलग एक वर्ष दाखवता आलं तर निशाच्या शिक्षणापुरतं, घरापुरतं काही हाती येईल, नाही तर अवघड आहे. निशा म्हणजे त्यांची मुलगी, यंदा बारावीला. लिंबायतची ती खोली मी फार दिवसांनी बघत होतो. वहिनींनी सरांच्या सगळ्या ऑर्डरी सालवार लावून ठेवल्या होत्या, आणि बाजूला एक डायरी. कोणत्या दिवशी काय शिकवलं ते शिक्षकाने डायरीत लिहायचं असतं. ब्याण्णवची डायरी होती ती. त्या तीन तारखांना सरांच्या बारीक अक्षरात तासवार लिहिलं होतं, तापीचं खोरं, गाळाची मैदानं, नकाशावाचन. निशाने ते वहिनींना वाचून दाखवलं होतं. ऑर्डर बदलली, मस्टर बदललं, डायरी आमच्या कुणाच्या लक्षातच आली नव्हती. की सरांच्या आली होती, आणि त्यांनी ती तशीच ठेवली… हे आता मला कधी कळायचं नाही.

"भाऊजी, हाई काय शे?" वहिनींनी विचारलं. "शिकाडेल शे, मंग ब्रेक कसा?" आणि मग त्यांनी मला जे माहीत नव्हतं ते सांगितलं. त्या फेब्रुवारीत सर घरी येऊन म्हणाले होते, यंदा मला तोडलं नाही. वहिनींनी खापरावरचे मांडे केले, सगळ्या गल्लीत वाटले. दहाबारा दिवसांनी सर म्हणाले, माझीच समजायची चूक झाली, ब्रेक होता. सासू म्हणाली, असा कसा मास्तर, स्वतःची नोकरी समजत नाही. गल्ली हसली. आणि वहिनी स्वतः, पुढे जेव्हा जेव्हा घरात काही कमी पडलं तेव्हा, हेच त्यांना ऐकवत आल्या होत्या.

मी सांगितलं. पाकीट, ड्रॉवर, मोकळा नंबर, तीन पेनं, सगळं. सांगताना खाली बघत होतो. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हंजे मनासंगे खोटं बोलनात." मी म्हणालो, हो. "तुमनाकरता." हो. वहिनींनी डायरी मिटून ऑर्डरींवर ठेवली. "मांडा तुमना घर बी धाडेल व्हतात," त्या म्हणाल्या. "तुम्हीन गाव जायेल व्हतात." मला ते माहीत नव्हतं. बायकोने सांगितलं असेल, मी विसरलो असेन.

दुसऱ्या दिवशी मी देसाईभाईंना सांगितलं की मी लिहून देणार आहे. ते या वर्षअखेर निवृत्त होतात. खूप वेळ ते टेबलावरच्या पिना गोळा करत राहिले. मग म्हणाले, "लखी नाख. मारुं नाम आवे तो आववा दे. थाक्यो हुं पण." माझ्या नोकरीचं काय होईल ते होईल. आज ना उद्या मेमो येईल, तो टाइप करायचं काम मात्र दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. धाकटा आता तिसरीत जाईल. सरांनी ज्याच्यासाठी सह्या केल्या त्याला मी हे सांगितलं, त्याला फारसं कळलं नाही.

रविवारी कागद घेऊन पुन्हा लिंबायतला गेलो. सरांच्या खोलीत खिडकीखाली भिंतीला बिजागऱ्या ठोकून लावलेली एक फळी आहे. पेपर तपासायचे असले की सर ती खाली पाडायचे, काम झालं की वर उचलून कडी लावायचे, म्हणजे गादी टाकायला जागा व्हायची. इतकी वर्षं रोज, न चुकता. आता ती दिवसरात्र खालीच असते. निशा तिच्यावर अभ्यास करते, आणि रात्री दोघी तिच्याखाली पाय घालून झोपतात, पण वर कुणी लावत नाही. मी त्या फळीवर बसून लिहिलं. त्या तीन दिवशी बोरसे सर कामावर हजर होते, ब्रेकची ऑर्डर त्यांना वेळेत दिली गेली नव्हती, ती मागाहून मागच्या तारखेने काढली, मस्टरचं पान बदललं, आणि हे सगळं माझी नोकरी वाचावी म्हणून झालं. निशाने ते मोठ्याने वाचलं. वहिनी उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. मी खाली सही केली आणि पेन टोपणात घालू लागलो.

"तारीख ऱ्हायनी," वहिनी म्हणाल्या. "आजनीच टाका, भाऊजी."

मी आजची तारीख टाकली.